समोरून फोकस आला की नजर डाव्या कडेला

"ताई, नमस्कार. मी कळ्याजवळच्या एका गावात राहतो. वय 51. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला आहे. रात्री बाराला सुटतो, शहरातून फुलेवाडी, बालिंगा करत गगनबावडा रस्त्यानं घरी जातो. गाडी अकरा वर्षांची आहे. गेली दोन वर्षं समोरच्या गाड्यांचे पांढरे लाईट सहन होत नाहीत. मागच्या महिन्यात बालिंग्याच्या पुढं असाच एक फोकस डोळ्यांवर आला, काही दिसेना, आणि तो निघून गेला तेव्हा माझ्यापुढं उसाची ट्रॉली उभी होती. मागं लाल दिवा नाही, काही नाही. हातभर अंतरावर गाडी थांबली. तेव्हापासून स्टेअरिंग धरलं की तळहाताला घाम येतो. गॅरेजवाला म्हणतो 200 वॅटचे एलईडी टाका, म्हणजे समोरच्यालाही कळेल. मुलगा म्हणतो रात्रीचा पिवळा चष्मा घ्या. बायको म्हणते सेकंड शिफ्ट सोडा. दोष माझ्या डोळ्यांचा आहे की लाईटचा? मी काय करू?"
— एक वाचक, ता. पन्हाळा

भाऊ,

हातभर अंतर राहिलं हे वाचताना घरात खुर्चीवर बसल्या बसल्या माझा उजवा पाय ब्रेक दाबायला गेला. मी कोल्हापुरात बावीस वर्षं गाडी शिकवली. त्या रस्त्यावर हंगामात रात्री किती वेळा गेले असेन, मोजदाद नाही. तुमच्या तळहाताला घाम येतो यात कमीपणा वाटून घेऊ नका. त्या रात्री तुमचा वेग आवाक्यात होता म्हणून तुम्ही थांबू शकलात.

तुम्ही सरळ विचारलंत, तर सरळच सांगते. ते एलईडी बसवू नका. पिवळ्या चष्म्यावर पैसे घालू नका. डोळे याच आठवड्यात तपासून घ्या. दोष कुणाचा म्हणाल तर थोडा डोळ्यांचा, थोडा लाईटचा आणि बराचसा तुमच्या गाडीच्या काचेचाही असू शकतो.

आधी डोळ्यांचं. अंधाराला पुरतं सरावायला आपल्या डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. समोरून झोत आला की हा सराव क्षणात मोडतो. बाहुली पटकन आकसते, पण परत मोठी व्हायला वेळ घेते. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. डोळ्यात शिरलेला उजेड आतल्या भिंगातून जाताना थोडा विखुरतो आणि पडद्यावर त्याचं धुकं पसरतं. त्या धुक्यात काळी ट्रॉली, काळं घोंगडं घेतलेला माणूस, काळी म्हैस बुडून जाते. पंचविशीत हे भिंग स्वच्छ असतं, पुढं वयाबरोबर गढुळतं. तोच रस्ता आणि तोच फोकस असूनही तुमचा मुलगा म्हणतो "एवढं काय त्यात", त्याचं कारण हे आहे. त्याचंही खोटं नाही आणि तुमचंही नाही.

आता हिशेब करा. 60 च्या वेगानं गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर जाते. डोळे जागेवर यायला तीन सेकंद लागले तरी 50 मीटर तुम्ही न बघता गेलात. तुम्हाला ट्रॉली "अचानक" दिसली असं वाटलं. ती आधीपासून तिथंच होती.

बल्बचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण ही चूक आज गल्लोगल्ली होते आहे आणि करणाऱ्याला ती चूक वाटतही नाही. खूप वर्षांपूर्वी उद्यमनगरातल्या एका वायरमननं माझ्या तळहातावर एक जुना एच फोर बल्ब ठेवला आणि म्हणाला, "बाई, नीट बघा." तुमच्या गाडीत बहुधा हाच असेल, 60/55 वॅटचा हॅलोजन. काचेच्या नळीत दोन बारीक तारा असतात. पुढची डिपरची, म्हणजे खाली रस्त्यावर पडणाऱ्या झोताची; मागची अप्परची, म्हणजे लांबवर सरळ जाणाऱ्या झोताची. डिपरच्या तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे उजेड बल्बमागच्या आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तिथून परतताना खाली रस्त्यावर उतरतो. समोरच्याच्या डोळ्यांच्या आणि आपल्या झोताच्या मध्ये एवढीशी वाटी उभी असते. हेडलाईटचा आरसाही त्या तारेच्या जागेवर बेतून घडवलेला असतो, मिलिमीटरचा फरकसुद्धा तिथं चालत नाही.

त्या आरशात बाजारातला एलईडी बसवला की उजेड निघायची जागा बदलते, आकार बदलतो, आणि झोताची वरची रेघ फुटते. उजेड झाडाच्या शेंड्यावर जातो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि तुम्हाला जिथं हवा तिथं, म्हणजे लांब रस्त्यावर, धड पोचत नाही. गाडीच्या नाकासमोरचा डांबराचा तुकडा लख्ख पांढरा दिसतो म्हणून मालकाला वाटतं फार उजेड पडला. उलट जवळचं फार उजळलं की लांबचा अंधार आणखी काळा होतो. खोक्यावर 200 वॅट लिहिलेलं असतं त्याकडे तर बघूच नका. अंगठ्याएवढ्या बल्बमधून 200 वॅटची उष्णता बाहेर टाकता येत नाही. पावसाळ्यात गगनबावड्याकडं धुकं उतरतं तेव्हा वर उधळलेला हाच पांढरा उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येईल.

कंपनीनं मुळातून एलईडी दिलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांची भिंगं, आरसे एलईडीसाठीच घडवलेले असतात. त्यांचाही त्रास होतो हे खरं. उंच गाड्यांचे दिवे छोट्या गाडीतल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत येतात आणि तो निळसर पांढरा रंग डोळ्याला पिवळ्यापेक्षा जास्त टोचतो. पण डिपरवर असतील आणि फोकस नीट बसवलेला असेल तर ते निभावून नेता येतात. दुसऱ्या देशांसाठी बनवलेले आख्खे हेडलाईटही काही जण मागवून बसवतात. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या डिपरचा झोत डाव्या कडेला थोडा वर चढलेला असतो, कडेचा माणूस, खांब, झाड दिसावं म्हणून. उजवीकडून चालणाऱ्या देशातला दिवा आपल्याकडं लावला की ती चढण थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जाते.

कायद्यातही हे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियम सांगतो की दिव्यापासून 8 मीटरवर, गाडीच्या उजव्या टोकापासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला झोतानं दिपवता कामा नये. म्हणजे समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचा विचार करूनच तो लिहिला आहे. गाडीच्या मूळ रचनेत मालकानं बेकायदा बदल केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. माझ्या मते पहिला जाब असे बल्ब बिनदिक्कत विकणाऱ्याला आणि बसवून देणाऱ्याला विचारायला हवा. गिऱ्हाइकाला त्या वाटीची गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते.

"समोरच्यालाही कळेल" हे मात्र मनातून काढून टाका. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. पन्हाळा रस्त्यावर एका रात्री समोरून एक जीप अप्परवर आली. मी लाईट वर-खाली करून दोनदा डिपर दिला, त्यानं लाईट उतरवला नाही. मला राग आला आणि मीही अप्पर टाकला आणि तसाच ठेवला. दोघंही आंधळे, दोघंही हटायला तयार नाही. तेवढ्यात मला डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, दोन हिरवट ठिणग्या दिसल्या. म्हशीचे डोळे होते ते. मी गाडी उजवीकडं दाबली, जीप पुढं निघून गेली, आणि मागं वळून बघितलं तर म्हशीच्या पलीकडं कासरा धरून एक म्हातारा माणूस उभा होता. त्याचे डोळे चमकत नव्हते. म्हैस सोबत नसती तर तो मला दिसला नसता. त्या रात्री मी घरी गेले आणि जेवले नाही. तेव्हापासून समोरच्यावर अप्पर धरून ठेवणं मी सोडलं आणि माझ्याकडं शिकलेल्या प्रत्येकाला ही म्हैस सांगितली.

मग करायचं काय? समोर झोत दिसला, की तो जवळ येण्याआधी पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. एकदाच डिपर द्या. त्यानं ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तरी नजर त्याच्या दिव्यावर ठेवू नका. माणसाची नजर उजेडाकडं ओढली जाते, आणि नजर जाते तिकडं हातही जातो. म्हणून नजर डाव्या कडेवर आणायची. महामार्गावर कडेची पांढरी रेघ असते. तुमच्या रस्त्यावर ती पुष्कळ ठिकाणी पुसलेली असते, तिथं झाडांच्या बुंध्यांना मारलेले गेरू-चुन्याचे तांबडे-पांढरे पट्टे धरा. एक पट्टा, मग दुसरा, मग तिसरा. चार-पाच बुंधे मागं पडेपर्यंत तो झोत निघून गेलेला असतो. तरीही लगेच वेग घेऊ नका. डोळे परत येईपर्यंत तसंच हळू चला. झोताच्या पाठीमागं काहीतरी उभं आहे असं धरूनच चालायचं, विशेषतः दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत. काहीच दिसेनासं झालं तर वेग आणखी कमी करा, डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा. पण मधोमध दचकून ब्रेक मारू नका, मागच्याला तुम्ही तेवढेच अचानक दिसता.

मागून येणाऱ्याचा फोकस आरशातून डोळ्यांवर येत असेल तर आतल्या आरशाच्या खाली एक छोटी पट्टी असते, ती ओढली की आरसा मंद होतो. मी शिकवलेल्यांपैकी निम्म्या लोकांना गाडी घेऊन पाच वर्षं झाली तरी ती पट्टी कशासाठी आहे ते ठाऊक नव्हतं. डॅशबोर्डचा उजेड कमी करा, मोबाईल डोळ्यांसमोरच्या स्टँडवरून काढा. शिफ्ट सुटल्यावर दिव्याखालून थेट अंधारात गाडी हाणू नका, पाच मिनिटं गाडीत शांत बसा.

आता काच. आज रात्री घरासमोर उभ्या गाडीत बसा आणि बाहेरून कुणाला तरी पुढच्या काचेवर तिरका टॉर्च मारायला सांगा. आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा एक थर दिसेल. उन्हात डॅशबोर्डचं प्लास्टिक तापतं, त्यातून निघालेली वाफ काचेवर बसते, त्यावर धूळ आणि आपल्या श्वासाचा ओलावा. दिवसा तो दिसत नाही. रात्री प्रत्येक झोत त्या थरात फुटतो. बाहेरून लोक रोज काच पुसतात, आतून वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. आधी ओल्या स्वच्छ फडक्यानं, मग कोरड्यानं, कोपऱ्यापर्यंत पुसा. बाहेर वायपरनं ओढलेल्या अर्धगोल रेघा आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर वायपरची रबरं बदला. रेघा फार खोल गेल्या असतील तर काचच बदलावी लागेल. खर्च आहे, पण त्या एलईडीच्या जोडीपेक्षा तो पैसा सत्कारणी लागेल.

तुमचे हॅलोजन मंद वाटतात ते अकरा वर्षांत हेडलाईटची पुढची काच पिवळी पडल्यामुळं असेल. ती प्लास्टिकची असते, उन्हानं धुरकट होते. घासून पॉलिश करून मिळते. दोन्ही बल्ब एकदम, चांगल्या कंपनीचे, त्याच वॅटचे टाका आणि वायरिंगचं अर्थिंग तपासायला सांगा. गंजलेल्या अर्थिंगमुळं बल्बला पुरेसा विजेचा दाब मिळत नाही आणि लोक बल्बला दोष देतात.

फोकस, म्हणजे आपला झोत किती उंच पडतो ते, घरीच बघता येतं. सपाट जागेवर, भिंतीसमोर, टायरमध्ये हवा नीट असताना गाडी भिंतीला जवळजवळ टेकवा आणि दोन्ही दिव्यांच्या मध्याच्या उंचीवर खडूनं खूण करा. मग सरळ मागं घ्या, दिव्यापासून भिंत 10 मीटरवर, म्हणजे मोठी तेरा-चौदा पावलं. डिपर लावा. उजेडाची वरची कड खडूच्या खुणेपेक्षा साधारण 10 सेंटिमीटर, म्हणजे एका मुठीएवढी खाली हवी. डावीकडं ती वर चढलेली दिसेल, ते बरोबर आहे. कड खुणेच्या वर असेल तर तुम्हीही कुणाला तरी दिपवत होता. स्टेअरिंगच्या उजव्या हाताला 0, 1, 2, 3 आकडे असलेलं एक चाक असेल तर तेही बघा. मागं माणसं, सामान भरलं की गाडीचं नाक वर उठतं आणि डिपरही अप्परसारखा जातो, तेव्हा ते चाक मोठ्या आकड्यावर न्यायचं. अमावास्येला बाळूमामांच्या दर्शनाला आदमापूरला सहा-सात माणसं भरून निघालेल्या गाड्यांमध्ये ते चाक किती जण फिरवत असतील?

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाताना नुसतं "नंबर तपासा" म्हणू नका. सांगा की रात्री समोरच्या लाईटमुळं दिसेनासं होतं, दिव्याभोवती वलय दिसतं की लांब रेघा फुटतात, आणि एका डोळ्याला जास्त की दोन्हींना. सुरुवातीचा मोतीबिंदू दिवसा कळत नाही, रात्री असाच त्रास देतो. आडवा, म्हणजे सिलिंडरचा नंबर राहिला असेल तर रेघा फुटतात. शुगर असेल तर ते आधी सांगा, पडदा तपासावा लागतो. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, त्या दिवशी गाडी घेऊन जाऊ नका, मुलाला सोबत न्या. चष्मा लागला तर काचेवर परावर्तन कमी करणारा थर असलेला घ्या, आणि आत्ता जो चष्मा आहे त्यावर ओरखडे असतील तर तोही बदला.

पिवळ्या चष्म्याबद्दल मुलावर रागावू नका, जाहिराती बघून कुणालाही तसं वाटेल. पण 2019 साली बोस्टनच्या संशोधकांनी ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर हेच तपासलं. समोर झोत असताना पिवळ्या काचांमुळं रस्त्यावरचा माणूस लवकर दिसतो का? फायदा दिसला नाही. रंगीत काच झोताबरोबर अंधारातल्या माणसाचा अंधुक उजेडही अडवते, आणि तुम्हाला गरज त्याच उजेडाची आहे.

राहिली ट्रॉली. तुमच्या गावातच उसाचे ट्रॅक्टर असतील, ड्रायव्हर ओळखीचे असतील. त्यांच्याशी भांडू नका. लाल रिफ्लेक्टर टेपचं एक बंडल घ्या आणि हंगाम सुरू व्हायच्या आत दोन-चार ट्रॉल्यांच्या मागच्या फळीला आणि दोन्ही कडांना स्वतः लावून द्या. ऊस लोंबून टेप झाकली जाते, म्हणून खालच्या बाजूलाही लावा. कारखान्याच्या शेती विभागाकडं गावातल्या चार-पाच जणांच्या सह्यांचं पत्र द्या की गव्हाणीला, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथं, येणारी प्रत्येक ट्रॉली रिफ्लेक्टर बघूनच आत घ्यावी. तुमच्या कंपनीतही सेकंड शिफ्टच्या गाड्या एका ओळीत उभ्या असतात. सुपरवायझरला सांगून एका सुट्टीच्या दिवशी त्याच कंपाउंडच्या भिंतीवर सगळ्यांचा फोकस तपासून घेता येईल. महामार्गाच्या दुभाजकात कण्हेर असते, ती पलीकडचा झोत अडवते. गगनबावडा रस्त्याला बहुतेक ठिकाणी दुभाजकच नाही, तिथं समोरून येणाऱ्यानं दिवे नीट ठेवले तरच वाचायचं, आणि समोरून येणाऱ्यांत आपल्या गावचे, आपल्या कंपनीतले पुष्कळ असतात.

वहिनींचं म्हणणं मी अर्धं मान्य करते. शिफ्ट कायमची सोडायची गरज आज तरी मला दिसत नाही. पण डोळ्यांची तपासणी होऊन काच आणि फोकस मार्गी लागेपर्यंत स्वतः चालवू नका. फर्स्ट शिफ्ट मागून घ्या, नाहीतर त्या बाजूला जाणाऱ्या सहकाऱ्याच्या गाडीत बसा, पेट्रोल अर्धं-अर्धं करा. वहिनींना हे पत्र वाचून दाखवा. रात्री बारानंतर त्या दाराशी जाग्या बसतात ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला माहीत आहे.

नंतर पहिल्यांदा गाडी काढाल तेव्हा एकटे जाऊ नका. मुलाला शेजारी बसवा, बालिंग्याच्या पुलापर्यंत जा आणि परत या. तळहाताला घाम आला तर येऊ द्या, वेग 40 च्या वर नेऊ नका. समोरून फोकस आला की मोठ्यानं म्हणा, "डावा पट्टा." माझ्याकडं गाडी शिकणाऱ्यांना मी असंच शिकवायचे. भिंतीवर कड कुठं आली आणि डॉक्टर काय म्हणाले, ते मला कळवा.

तुमची,
ताई